इट्स की इट’स, युअर की यू’आर: अपॉस्ट्रॉफी कोठे द्यावी आणि कोठे देऊ नये?

प्रश्न: अल्पविराम

मराठीतून इंग्रजीत अनुवादित झालेले मसुदे माझ्याकडे तपासण्यासाठी येतात. त्यांतील काळ, वचन, वाक्यरचना एरवी व्यवस्थित असते. परंतु उच्चार सारखा आणि लेखन वेगळे अशा काही जोड्यांच्या बाबतीत हमखास घोटाळा झालेला दिसतो. “त्याचे” या अर्थाचे “इट्स” आणि “इट इज” चे संक्षिप्त रूप “इट’स”, “तुझा” या अर्थाचे “युअर” आणि “यू आर” चे “यू’आर”, त्याचप्रमाणे “देअर” आणि “दे’आर”, “हूज” आणि “हू’ज” ही रूपे सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली जातात. येथे सर्व मजकूर देवनागरीत लिहायचा असल्यामुळे अपॉस्ट्रॉफी असलेली रूपे मी वर दाखवल्याप्रमाणे चिन्हासह लिहीत आहे. उत्तरे देणाऱ्यांनीही तीच पद्धत ठेवली तर सोयीचे होईल.

माझ्या दोन शंका आहेत. पहिली तत्त्वाची आहे. “द डॉग’स टेल” असे लिहिताना नामाच्या षष्ठीला अपॉस्ट्रॉफी लागते. मग त्याच कुत्र्याच्या जागी सर्वनाम आले की “इट्स टेल” मध्ये ती का नाहीशी होते? नियम म्हणून हे सांगता येते, पण अनुवादक कारण विचारतात आणि “इंग्रजीत तसेच आहे” एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. दुसरी शंका व्यवहाराची आहे. वाक्य मनात मराठीत करून पाहावे, “चा-ची-चे” आले तर अपॉस्ट्रॉफी देऊ नये आणि “आहे” आले तर द्यावी, अशी एक युक्ती अनेक जण वापरतात. ती कितपत भरवशाची आहे? नसल्यास तिच्याऐवजी कोणती कसोटी लावावी?

उत्तर: पदच्छेद

पहिल्या शंकेचे उत्तर मराठीतच दडलेले आहे. नामाची षष्ठी करताना आपण प्रत्यय जोडतो: “मुलाचा”, “झाडाची”, “घराचे”. परंतु “मी” आणि “तू” या सर्वनामांना तोच प्रत्यय जोडून “मीचा” किंवा “तूचा” असे कोणी म्हणत नाही. तेथे “माझा” आणि “तुझा” ही स्वतंत्र, तयार रूपे आहेत. इंग्रजीतही हाच प्रकार आहे. नामाला अपॉस्ट्रॉफी आणि एस जोडावे लागतात, पण पुरुषवाचक सर्वनामांची स्वामित्वदर्शक रूपे आधीपासूनच घडलेली असतात. “हिज”, “हर्स”, “अवर्स”, “युअर्स”, “देअर्स” आणि या सर्वांच्या पंगतीत बसणारे “इट्स”, यांपैकी एकालाही अपॉस्ट्रॉफी नाही; “हूज” हे प्रश्नार्थक व संबंधी सर्वनामाचे रूपही त्यांच्यासारखेच. “हिज” लिहिताना कोणाचाही हात अपॉस्ट्रॉफीकडे जात नाही. तेव्हा “इट्स” हा नियमाचा अपवाद नसून नियमाचेच उदाहरण आहे, हे अनुवादकांना सांगून पाहावे. खरा अपवाद दुसरीकडे आहे: “वन’स”, “समबडी’ज”, “एव्हरीवन’स” यांसारखी अनिश्चित सर्वनामे मात्र नामाप्रमाणे अपॉस्ट्रॉफी घेतात.

“इट’स”, “यू’आर”, “दे’आर” आणि “हू’ज” यांच्यातील अपॉस्ट्रॉफी मालकी दाखवत नाही; येथे एक किंवा अधिक अक्षरे गळाली आहेत एवढेच ती सांगते. “सोऽहम्” मधील अवग्रह जसा लोप पावलेल्या “अ” ची जागा राखतो, तसेच हे काम आहे. आपली अडचण अशी की, रोजच्या मराठीत अशी खूण करण्याची सवय आपल्याला उरलेली नाही. “करतो आहे” चे “करतोय” आणि “येते आहे” चे “येतेय” होते, परंतु मधले काय गळाले हे दाखवण्यासाठी आपण कोणतेही चिन्ह देत नाही. त्यामुळे इंग्रजी लिहिताना अपॉस्ट्रॉफी ही शब्दाचा आवश्यक भाग न वाटता शोभेची गोष्ट वाटू लागते आणि ती अंदाजाने दिली जाते.

आता मराठी भाषांतराची युक्ती. माझे स्पष्ट मत असे आहे की, ती टाकून द्यावी. ती सोप्या वाक्यांत चालते आणि नेमक्या नेहमीच्या वाक्यांत फसवते. “यू’आर वेलकम” चे मराठी “तुमचे स्वागत आहे” असे होते. “यू’आर राइट” चे “तुझे बरोबर आहे” असे होते. दोन्हीकडे “चे” किंवा “झे” ही षष्ठी समोर उभी राहते, त्यामुळे युक्तीवर विसंबणारा अनुवादक बिनदिक्कत “युअर” लिहून मोकळा होतो. “आहे” सुद्धा त्याच वाक्यात असल्याचे त्याच्या लक्षात येत नाही, आणि आले तरी दोन उत्तरांपैकी कोणते घ्यावे हे युक्ती सांगत नाही. “इट’स टाइम टु गो” चे “निघण्याची वेळ झाली” असे भाषांतर केले, तर “ची” येते आणि “आहे” येतच नाही. “दे’आर लेट” चे “त्यांना उशीर झाला” असे होते; तेथे दोन्ही खुणा गायब.

याच्या उलट फसगतही होते. “त्याला लांब शेपूट आहे” या वाक्यात “आहे” दिसते म्हणून कोणी “इट’स अ लाँग टेल” असे लिहिले, तर त्याचा अर्थ “ती एक लांब शेपटी आहे” असा होतो. “इट’स” हे “इट हॅज” चेही संक्षिप्त रूप असते, हे खरे. पण आजच्या प्रमाण लेखनात ते “हॅज” सहायक क्रियापद असते तेव्हाच, म्हणजे “इट’स बीन अ लाँग डे” किंवा “इट’स स्टॉप्ड रेनिंग” अशा वाक्यांत. बाळगणे या अर्थाचे “हॅज” अशा रीतीने आक्रसत नाही.

म्हणून कसोटी इंग्रजीतच लावावी. ज्या रूपाबद्दल शंका आहे, त्याच्या जागी पूर्ण दोन शब्द ठेवून वाक्य मोठ्याने वाचावे: “इट इज” किंवा “इट हॅज”, “यू आर”, “दे आर”, “हू इज” किंवा “हू हॅज”. वाक्य उभे राहिले तर अपॉस्ट्रॉफी हवी. कोसळले तर नको. “द ट्री हॅज लॉस्ट इट इज लीव्ह्ज” हे वाक्य कानाला ताबडतोब टोचते, म्हणून तेथे “इट्स”. “यू आर वेलकम” निर्वेध वाचता येते, म्हणून तेथे “यू’आर”.

उत्तर: उभयान्वयी

पदच्छेद यांच्या विवेचनाला थोडी ऐतिहासिक पुरवणी जोडतो, कारण “नामाला आहे तर सर्वनामाला का नाही” ही शंका इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही पूर्वी पडलेली होती.

जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी सर्वनामाची षष्ठी “हिज” अशीच होत असे. “त्या पुरुषाचे” आणि “त्या वस्तूचे” या दोन्हींसाठी एकच रूप होते. “इट्स” हे रूप छापील लेखनात सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते. १६११ सालच्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये वस्तूंसाठी “हिज” किंवा “देअरऑफ” असे शब्द योजलेले आहेत. त्याच्या आजच्या प्रतींत लेवीय २५:५ येथे “इट्स” एकदा आढळते, पण मूळ छपाईत तेथेही केवळ “इट” होते. पुढे सतराव्या आणि अठराव्या शतकांत “त्याचे” या अर्थीसुद्धा अनेक लेखक अपॉस्ट्रॉफी देत असत. त्या काळी “इट इज” आक्रसून “’टिज” असे लिहिण्याची पद्धत रूढ असल्यामुळे त्यातून फारसा गोंधळ होत नसावा, असे माझे अनुमान आहे. “इट’स” हे संक्षिप्त रूप सर्वत्र पसरल्यावर एकाच लेखनावर दोन अर्थांचा भार पडू लागला. एकोणिसाव्या शतकात आजची वाटणी पक्की झाली.

नामाच्या षष्ठीतील अपॉस्ट्रॉफीसुद्धा मुळात लोपाचीच खूण होती, हे येथे सांगण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीत दगड या अर्थाच्या “स्तान” या शब्दाची षष्ठी “स्तानेस” अशी होत असे. त्यातील “ए” उच्चारातून गेला आणि सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रणातून इंग्रजीत आलेले हे चिन्ह कालांतराने त्याच्या जागी बसले. “हिज” किंवा “हर्स” यांच्यापुढे असा लोप दाखवण्याची प्रथा टिकली नाही. तेव्हा इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीची दोन वेगवेगळी कामे आहेत असे आज दिसत असले, तरी त्यांचा उगम एकच आहे.

प्रतिप्रश्न: अल्पविराम

दोघांचाही आभारी आहे. “मीचा” आणि “माझा” हे उदाहरण मी आजच मसुद्यांच्या सूचनांत समाविष्ट केले.

तथापि, पूर्ण शब्द ठेवून पाहण्याची कसोटी लावल्यावर दोन जागी अडचण आली. एका मसुद्यात “आय डोन्ट नो व्हेअर इट’स” असे वाक्य आहे. “आय डोन्ट नो व्हेअर इट इज” हे निर्दोष वाचता येते, म्हणजे कसोटीनुसार अपॉस्ट्रॉफी योग्य ठरते. परंतु वाक्य मात्र चुकीचे वाटते. दुसऱ्या मसुद्यात “वुई अप्रिशिएट यू’आर कमिंग” असे आहे. “यू आर कमिंग” हे शब्द स्वतंत्रपणे बरोबर असल्यामुळे अनुवादक ते बदलायला तयार नाहीत. याशिवाय “देअर” च्या तीन रूपांबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

उत्तर: मुद्रणप्रत

आपली दोन्ही उदाहरणे उत्तम आहेत, कारण कसोटी लावताना काय गृहीत धरलेले असते ते त्यांतून उघड होते.

पहिले वाक्य चुकीचेच आहे. संक्षिप्त रूपातील “इज” किंवा “आर” वर आघात नसतो. ते पुढच्या शब्दाकडे धावते, आणि पुढे कोणी नसेल तर त्याला आक्रसता येत नाही. म्हणून “इज इट रेडी?” या प्रश्नाला “येस, इट इज” असे उत्तर द्यावे लागते, “येस, इट’स” एवढ्यावर थांबता येत नाही. “आय डोन्ट नो व्हेअर इट इज” मध्ये वाक्य “इज” पाशीच संपते, म्हणून तेथे दोन पूर्ण शब्दच हवेत. “आय नो हू दे आर” हेही तसेच. शेवटी “दे’आर” चालणार नाही. नकारार्थी रूपांना मात्र हे बंधन नाही, त्यामुळे “नो, इट इझन्ट” हे अगदी योग्य आहे. थोडक्यात, पूर्ण शब्द ठेवून वाक्य टिकले म्हणजे “त्याचे” या अर्थाचे रूप नको एवढे निश्चित होते. आक्रसलेले रूप चालेल की नाही, हे त्यानंतर पाहायचे असते.

दुसऱ्या वाक्यात कसोटी अर्धीच लावली गेली आहे. “यू आर कमिंग” एवढा तुकडा तोडून वाचू नये, संपूर्ण वाक्य वाचावे: “वुई अप्रिशिएट यू आर कमिंग”. हे अडखळते. “कमिंग” येथे क्रियापदाचा भाग नसून “येणे” या अर्थाचे धातुसाधित नाम आहे. “आपले येणे आम्हांला मोलाचे वाटते” अशी ती रचना आहे, म्हणून “वुई अप्रिशिएट युअर कमिंग”. याउलट “यू’आर कमिंग विथ अस” मध्ये “कमिंग” हे क्रियापद आहे. “इंग” ने संपणारा शब्द पुढे दिसला की थांबून विचार करावा, कारण दोन्ही रूपे तेथे बसू शकतात. “दे’आर कुकिंग” म्हणजे ते स्वयंपाक करत आहेत. “आय लाइक देअर कुकिंग” म्हणजे त्यांच्या हातचा स्वयंपाक मला आवडतो.

पुढचा शब्द पाहण्याची सवय एरवीही उपयोगी पडते. “अ”, “ॲन” आणि “द” ही उपपदे स्वामित्वदर्शक रूपानंतर लगेच येत नाहीत. त्यामुळे पुढे उपपद असेल तर अपॉस्ट्रॉफी डोळे मिटून द्यावी: “इट’स अ मिस्टेक”, “यू’आर द फर्स्ट”. पुढे केवळ विशेषण दिसले, तर मात्र त्याच्याही पलीकडे पाहावे लागते. “युअर लेट” हे दोन शब्द पाहून कोणीही लाल रेघ मारील, पण त्यापुढे “फादर” असेल तर ते “तुमचे दिवंगत वडील” या अर्थी शुद्ध आहे. आणि “यू’आर लेट” म्हणजे तुम्हांला उशीर झाला आहे. त्याचप्रमाणे “युअर राइट” म्हणजे तुमचा हक्क, “यू’आर राइट” म्हणजे तुमचे म्हणणे बरोबर. क्वचित पूर्ण वाक्यसुद्धा दोन्ही रूपांनी शुद्ध ठरते. “द कॅट नोज इट्स होम” म्हणजे मांजराला आपले घर ठाऊक आहे. “द कॅट नोज इट’स होम” म्हणजे आपण घरी पोहोचलो आहोत हे मांजराला कळते. अशा ठिकाणी कोणतीही कसोटी पुरत नाही आणि मूळ मराठी मजकूर पुन्हा काढून पाहावा लागतो. पदच्छेद यांनी भाषांतराची युक्ती टाकून द्यायला सांगितली आहे. एवढ्या एका कामापुरती ती राखून ठेवावी, असे मला वाटते.

“देअर” बद्दल. स्थळ दाखवणाऱ्या “देअर” चे लेखन टी-एच-ई-आर-ई असे आहे, आणि त्यातील पहिले अक्षर काढले की “येथे” या अर्थाचे “हिअर” उरते. “व्हेअर” मध्येही तीच चार अक्षरे आहेत. “त्यांचा” या अर्थाच्या “देअर” चे लेखन टी-एच-ई-आय-आर असे आहे, आणि त्यातील पहिले अक्षर काढले की वारस या अर्थाचा “एअर” हा शब्द उरतो. हा योगायोग असला तरी लक्षात ठेवायला चांगला आहे, कारण एका गटात सर्व शब्द जागेचे आणि दुसऱ्या शब्दात मालकीचा संबंध. तिसरे “दे’आर”, त्याला वरचीच कसोटी लागू. “देअर इज” आणि “देअर आर” अशा अस्तित्व सांगणाऱ्या वाक्यांत नेहमी पहिले, म्हणजे स्थळाचे लेखन असते. येथे आणखी एक खड्डा आहे: “देअर इज” चे संक्षिप्त रूप “देअर’स” आणि “त्यांचे” या अर्थी एकटे येणारे “देअर्स” यांचा उच्चारही सारखाच होतो.

उत्तर: पदच्छेद

मुद्रणप्रत यांची दुरुस्ती मान्य आहे. मांजराच्या उदाहरणात मुळाकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

उत्तर: उभयान्वयी

आपण मसुदे तपासता, म्हणून कामाच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो. औपचारिक पत्रे, अहवाल आणि करार यांत संक्षिप्त रूपे मुळातच टाळतात. अशा मजकुरासाठी “इट इज”, “यू आर”, “दे आर” पूर्ण लिहावेत अशी सूचना अनुवादकांना आधीच दिली, तर तपासणी फार सोपी होते: मसुद्यात “इट’स” कोठेही दिसले की ते एकतर चुकीचे असते किंवा उलगडून लिहायचे असते. कथा, संवाद किंवा जाहिरात यांना मात्र ही शिस्त लावू नये. पात्रे पूर्ण रूपे बोलू लागली की संवाद खुर्चीला बांधल्यासारखे ताठ होतात.

संगणकावर शोधताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शब्दलेखन तपासणारी साधी सुविधा या चुका पकडत नाही, कारण दोन्ही रूपे शब्दकोशात असतात. मोबाइलचा कीबोर्ड तर कधीकधी बरोबर लिहिलेल्या “इट्स” मध्ये आपण होऊन अपॉस्ट्रॉफी घालतो. दुसरे असे की, सरळ अपॉस्ट्रॉफी आणि वळणदार अपॉस्ट्रॉफी ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी चिन्हे आहेत. काही प्रोग्रॅम एक शोधताना दुसरे वगळतात, त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे शोधावीत. सगळी “इट’स” एका झटक्यात “इट इज” ने बदलण्याचा मोह होतो. प्रतीची नक्कल करून तिच्यावर तसे केल्यास “इट इज टेल” सारख्या चुका लगेच वर येतात, पण मूळ प्रतीवर तो प्रयोग करू नये.

उलट बाजूची चूक, म्हणजे अपॉस्ट्रॉफी हवी असताना ती न देणे, या शोधात सापडत नाही. त्यासाठी “इट्स” च्या पुढे “अ”, “द”, “नॉट”, “बीन” किंवा “गॉट” आले आहे का, असा शोध घ्यावा. “युअर” च्या पुढे “नॉट” आणि “गोइंग” शोधावे. याच फेरीत “शुड”, “कुड” आणि “वुड” यांच्यामागून “ऑफ” आले आहे का तेही पाहून घ्यावे. “शुड हॅव्ह” आक्रसून झालेले “शुड’व्ह” कानाला “शुड ऑफ” सारखे ऐकू येते, आणि ऐकून इंग्रजी शिकलेली माणसे ते तसेच लिहितात. ज्यांची ती मातृभाषा आहे, तेही याला अपवाद नाहीत.

“हूज” बद्दल एक सावधगिरीची सूचना राहिली. हे रूप केवळ माणसांसाठीच वापरावे, अशी समजूत करून घेऊन काही तपासनीस “अ हाउस हूज रूफ लीक्स” यासारखी वाक्ये बदलतात. वस्तूंसाठी “हूज” वापरणे पूर्णपणे शुद्ध आहे आणि त्याऐवजी “द रूफ ऑफ विच” लिहिल्याने वाक्य विनाकारण जड होते. तेथे अपॉस्ट्रॉफी नाही एवढीच खात्री करून पुढे जावे.